येळवशीचा डोंगर

वेळ अमावस्येला, कानडी मुलखाला लागून असलेल्या देवणीत, घरी कुणी थांबत नाही. आमच्या सगळ्या भागात त्या दिवसाला येळवस म्हणतात. अख्खं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टमटममध्ये, मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून शेतात जातं. तिथे कडब्याची कोप उभी केलेली असते, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणायचं, समोर ताकात शिजवलेल्या आंबिलाचं मडकं ठेवायचं आणि मग दिवसभर जेवायचं. दुकानं बंद, शाळा बंद, रस्ते संचारबंदी लागल्यासारखे. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. आमच्या घराला यातलं काहीच लागू नव्हतं. शेत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या शेतात जेवायला जायचं नाही हा वडिलांचा नियम होता.

वडील पुस्तिका विकायचे. जयंतीच्या मिरवणुकीत, मेळाव्यात, बसस्टँडच्या भिंतीला लागून ताडपत्री अंथरून. पातळ, दोन पिना मारलेल्या, निळ्या कव्हराच्या. न खपलेल्या पुस्तिका घरी पत्र्याच्या पेटीत जायच्या आणि मी त्या पेटीवर पालथी पडून वाचायला शिकले. परीकथा मला उशिरा भेटल्या. त्याआधी मला माहीत होतं की सण कुणी कुणासाठी केले, पंगतीत शेवटी कोण बसायचं, आणि बांधावर उभं राहून कोण मागायचं. ते शेवटचं तर पुस्तिकेतून कळायची गरज नव्हती. माझी आजी तरुणपणी येळवशीला गाडगं घेऊन बांधाबांधावर उभी राहायची. आजोबांनी धर्म बदलला आणि ते गाडगं त्यांनी दारातच फोडलं. उरलेलं घ्यायचं नाही, वेगळं वाढलेलं घ्यायचं नाही. आमच्या घराचा कायदा एवढाच, आणि तो मला आजही मान्य आहे.

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, मला चिडवते. "तू बोलत नाहीस गं, पत्रकं वाटतेस."

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. अक्का आरोग्यसेविका. भाऊजींची मुदखेडहून देवणीला बदली झाली, तिनेही मागून घेतली, आणि जूनमध्ये सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. माझी भाची तेव्हा सहावीत होती, अकरा वर्षांची. नव्या शाळेत तिला कुणी विचारेना. मी नांदेडला खोली करून राहायचे. अक्काचा फोन आला की विषय एकच. पोरगी जेवत नाही. पोरगी मधल्या सुट्टीत वर्गातच बसते. पोरगी म्हणते मुदखेडलाच बरं होतं. दिवाळीनंतर एकदा फोन आला आणि अक्काचा आवाजच वेगळा होता. "एक मैत्रीण झाली बाई पोरीला. आता दोन पोळ्या खाते."

येळवशीच्या आदल्या दिवशी मी देवणीला पोचले. भाऊजी त्यांच्या आईकडे मुदखेडला गेलेले, अक्काची दवाखान्यात ड्युटी. ती म्हणाली, "लेकरांला कुठंतरी फिरवून आण. गावात कुणी नसतंय, घरी बसून कंटाळतील. आणि भाषण नको देऊ."

मी ठरवलं, डोंगराला जायचं. गाव पांडवांना चुना लावत बसू दे, आपण डोंगर चढू. आपला डबा आपण नेऊ. डब्यात मी मुद्दाम उकडलेली अंडी घेतली. येळवशीला अख्ख्या तालुक्यात शाकाहार असतो, म्हणून अंडी. तेव्हा मला हे फार धाडसाचं वाटलं होतं.

डोंगर म्हणायचा, पण तो उंच माळच. गावाबाहेर दोन किलोमीटरवर, एका बाजूने सोप्या चढाचा. गुराखी पोरं दिवसातून चारदा चढून-उतरून येतात. खाली काळी जमीन, ज्वारी, हरभरा, करडई. वर लाल मुरूम, सीताफळीची खुरटी झाडं आणि वाळलेलं गवत. सहा वर्षांचा भाचाही चढेल असा. भाची नवा फ्रॉक घालून आली.

"डोंगर चढायला नवा फ्रॉक?"

"असाच."

"फाटंल की."

"न्हाई फाटत."

पहिली दहा मिनिटं मी सांगत होते. हा दगड ज्वालामुखीचा, ही माती त्याचीच झालेली, पाऊस पडतो कसा, देव पाडत नाही तर कोण पाडतं. भाचा ऐकत होता असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "मावशी, मला शी आली."

पाणी एकच बाटली होती. त्यातलं अर्धं तिथे गेलं. परत चालायला लागलो तर त्याच्या मोज्यांत कुसळं. प्रत्येक कुसळ काढायचं, तो ओरडायचा, आणि दहा पावलांवर तितकीच नवी भरायची. मोजे काढले तर खडे टोचले. खांद्यावर घेतला तर तो माझे केस धरून "हुर्र हुर्र" करून बैलगाडी हाकायला लागला. भाची मदत करेल म्हणावं तर ती पंचवीस पावलं पुढे. थांबायची, कपाळावर हात धरून खाली शेतांकडे बघायची, परत चालायची.

"काय बघून राहिलीस?"

"काई न्हाई."

अर्ध्या चढावर एका सपाट दगडावर आम्ही बसलो. भूक सगळ्यांनाच लागली होती. मी सीताफळीच्या सावलीत चादर अंथरत होते, तेवढ्यात भाच्याने डबा आपल्याकडे ओढून स्वतःच उघडला. तिरका. चार अंडी एकामागे एक निघाली. पहिलं तर इतकं शांतपणे घरंगळलं की आम्ही तिघंही नुसते बघत राहिलो. मग दुसरं, तिसरं. चौथं एका दगडावर आपटून उडालं. भाचा जागच्या जागी नाचत होता. "पळालं! पळालं! पयला नंबर!" मी धावले आणि मुरमावर घसरून बसले. चपात्या मातीत पडल्या होत्या आणि गुराख्याचं एक पिवळं कुत्रं, जे सकाळपासून आमच्यापासून आदराने अंतर ठेवून चाललं होतं, त्याने आता अंतर ठेवलं नाही.

भाची पोट धरून हसत होती. खूप दिवसांनी मी तिला तशी हसताना पाहिली. मुदखेडला ती अशी हसायची, जमिनीवर लोळून. मीही हसले. माझी अंडी गेली, भाषण गेलं, कोपर खरचटलं, आणि मला वाटलं दिवस चांगला चाललाय.

उपाशीपोटीच वर पोचलो. वरून सगळी शिवारं दिसतात. त्या दिवशी त्यांच्यात माणसं पेरल्यासारखी होती. प्रत्येक शेतात एक कोप, कोपीपाशी रंगीत साड्यांचा घोळका, धूर, मोटरसायकली, झाडाला बांधलेले झोके. कुणीतरी पिकावर आंबील शिंपडत फिरत होतं आणि त्याचं ते अर्धं कानडी, अर्धं मराठी ओरडणं वरपर्यंत तुटक ऐकू येत होतं. गाव तेवढं रिकामं.

भाच्याने सगळीकडे बोट फिरवलं. "मावशी, आपलं कोणतंय?"

"काय?"

"शेत."

"आपलं नाही."

"कामून?"

या एका प्रश्नावर माझ्याकडे एकवीस पुस्तिका आहेत. मी एक वाक्य सुरू केलं, थांबले, दुसरं सुरू केलं. तो वाट बघत होता. शेवटी मी म्हणाले, "आपल्याला कुणी दिलं नाही म्हणून." त्याने मान हलवली. "मग आपुन मागायचं," तो म्हणाला, आणि दगड खाली फेकायला लागला.

भाची मात्र एकाच ठिकाणी बघत होती. अगदी पायथ्याशी, लाल ट्रॅक्टर उभा असलेल्या शेताकडे. तिने गळ्यातला रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी हवेत हलवायला लागली. खालून, हरभऱ्याच्या हिरव्यातून, कुणीतरी ओढणी हलवली.

मग मला फ्रॉक समजला.

"तिनं बोलवलंय?"

"हाव."

"आईला माहितीये?"

तिने रुमाल परत गळ्यात बांधला. "लाल ट्रॅक्टरची खूण सांगितली होती तिनं," एवढंच म्हणाली. आणि मग घाईघाईने, "आपन नुसतं पाणी पिऊन येऊ, मावशी. पाणी तर संपलंय आपलं."

नाही म्हणायला हवं होतं का? मी हे स्वतःला खूपदा विचारलंय. भाचा ऊन लागून लाल झाला होता, डबा रिकामा होता, आणि त्या गावात भाचीचं जे काही होतं ते म्हणजे ती मैत्रीण. मी एवढंच मनाशी म्हटलं की पाणी पिऊ, दोन शब्द बोलू, निघू.

उतरायला वेळ लागला नाही. दोन वेण्या घातलेली, गुबगुबीत मुलगी बांधावरून धावत आली आणि भाचीच्या पाठीत दणका घालून म्हणाली, "अगं किती येळ! म्या कवाची बघलालेय. भज्जी संपंल की आता!" दोघी हातात हात घालून पुढे पळाल्या. मागून तिचे वडील आले, गळ्यात टॉवेल, हात अजून ओले. मी म्हणाले, लेकरांना थोडं पाणी द्या, आम्ही निघतो.

"पाणी कशाचं बाई? येळवशीला रानातून कुणी उपाशी जात नसतं. चला, बसा."

कोपीसमोर सतरंजी होती. घरातली पाच-सहा मुलं स्टीलच्या ताटांत जेवत होती. पलीकडे चिंचेखाली दोघं पाहुणे बसले होते. आम्ही बसलो. एका काकूंनी भाच्याच्या हातावर बाजरीचा उंडा ठेवला आणि त्याने तो लगेच तोंडात कोंबला. कोपीच्या तोंडाशी मैत्रिणीची आजी बसली होती, आंबिलाच्या मडक्यावर हात ठेवून.

"कुठल्या गं माय तुम्ही?"

"मुदखेडच्या. आता इथंच असतात हे."

"तसं न्हवं. आडनाव काय म्हन्लीस?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. भाची माझ्याकडे बघत होती. मी आडनाव सांगितलं. हळू नाही, मोठ्याने, प्रत्येक अक्षर वेगळं. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही.

"बरं बरं," आजी म्हणाली. "बसा." आणि सुनेकडे, म्हणजे मैत्रिणीच्या आईकडे, वळून कानडीत एक वाक्य बोलली. एकच, छोटं. सून ताटांच्या ढिगाशी वाकली होती. ती सरळ झाली, कोपीत गेली आणि प्लॅस्टिकची पिशवी फाडत कागदी प्लेटांचा गठ्ठा घेऊन आली. एक माझ्यासमोर, एक भाचीसमोर, एक भाच्यासमोर. वर शेंगा-भाज्यांची मिसळ भज्जी, उंडे, खीर. आंबील कागदी कपात.

सून वाकली होती ती ताटं घ्यायला, की नुसती काही उचलायला? मला तेव्हा खात्री होती. चिंचेखालच्या पाहुण्यांच्या हातात स्टील होतं की कागद? मी पाहिलंच नाही. फक्त मान वळवायची होती. घरातल्या मुलांच्या हातातलं स्टील मात्र उन्हात असं चमकत होतं की दुसरं काही दिसत नव्हतं.

मैत्रिणीने भाचीची प्लेट पाहिली, स्वतःचं अर्धं जेवलेलं ताट तिथेच ठेवलं, गठ्ठ्यातून एक कागदी प्लेट ओढली आणि भाचीच्या मांडीला मांडी लावून बसली. "मला बी यातच," ती आईला म्हणाली.

"उठा," मी म्हणाले.

"मावशी," भाची म्हणाली.

"उठा म्हणते ना."

मैत्रिणीचे वडील धावत आले. "अवो बाई, काय झालं? काई चुकलं का आमचं?"

हा तो क्षण होता. यासाठी मी लहानपणापासून तयार झाले होते. मला सगळी वाक्यं पाठ होती, मी ती सभेत बोललेय, लिहिलीयत, लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्यात. त्यांतलं एकही माझ्या तोंडातून आलं नाही. त्या माणसाचा चेहरा खरोखर घाबरलेला होता. "काही नाही," मी म्हणाले. "उशीर होतोय आम्हाला." भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या गावात परत जायला उशीर.

"लेकरू खालालंय की माय," आजी म्हणाली. "खाऊ दे त्याला तेवढं."

भाच्याच्या दोन्ही गालांत उंडा होता. मी त्याला दंडाला धरून उचललं. भाची स्वतःच उठली. तिने प्लेट खाली ठेवली, सांडू नये अशी नीट, आणि मैत्रिणीकडे न बघता चालायला लागली. बांधाच्या वळणावर मी मागे पाहिलं. ती मुलगी कागदी प्लेट हातात घेऊन तशीच उभी होती, आणि तिचे वडील तिच्या आईला काहीतरी विचारत होते. ती डोक्यावरचा पदर सारखा करत मान हलवत होती.

आम्ही रस्त्याला लागलो. भाच्याला काहीच कळलं नव्हतं. तो "अजून एक पाहिजे होता" असं थोड्या थोड्या वेळाने म्हणत होता. मग भाची थांबली.

"मला कानडी येतंय थोडं. तिनंच शिकवलं."

"मग? काय म्हणाली आजी?"

"कागदाच्या आण, म्हन्ली."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढ्याने काहीच ठरत नव्हतं.

"तू विचारलं का न्हाईस?" ती म्हणाली. "तू तर म्हन्तीस सगळं विचारायचं. कागदाच्या कामून, म्हनून विचारायचं की."

मी तिला खरं उत्तर दिलं. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ताटं कमी पडली बाई. खरंच पडली असती तरी तेच म्हणाले असते, आणि पडली नसती तरी तेच.

तिने यावर विचार केला. रस्त्याकडेला थांबून, फ्रॉकच्या घेरातली कुसळं एकेक काढत, खरोखर विचार केला. मग म्हणाली, "मी विचारू का तिला? शाळेत?"

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ही अकरा वर्षांची पोर त्या गुबगुबीत मुलीला मधल्या सुट्टीत विचारणार: तुझ्या आजीनं आम्हाला कागदात का वाढलं? ती मुलगी घरी जाऊन विचारणार. घरचे काहीतरी सांगणार. ते खरं असो वा खोटं, दोघींच्या मध्ये ते कायमचं येऊन बसणार. आणि न विचारलं तरी बसणारच. मीच ते आणून ठेवलं होतं, की ते आधीपासून होतं, हेही मला सांगता येत नव्हतं.

"नको," मी म्हणाले. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीला विचारू नको असं सांगितलं.

संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं. ती चहाचं आधण ठेवत होती. तिने ऐकून घेतलं.

"मला विचारलं होतं तिनं, जाऊ का म्हणून," ती म्हणाली. "मी म्हणाले, मावशीला विचार."

"मला नाही विचारलं."

"तुला कोण विचारणार? तुझं उत्तर छापूनच तयार असतं."

मी भांडले. म्हणाले, मग काय, कागदात खाऊन यायचं? पुढच्या वर्षी बांधावर गाडगं घेऊन उभं राहायचं? अक्का चिडली नाही. तिने आधणात पत्ती टाकली.

"मी घरोघर जाते लसी द्यायला," ती म्हणाली. "कुठल्या घरात माझा कप वेगळा ठेवलाय मला माहितीये. सगळीकडे सांगते, मी चहा पीत नाही. जिथं कप वेगळा नाही तिथंही. नाहीतर रोज बघत बसावं लागेल, कोणता कप आला." तिने चहा गाळला. दिवसातला तिचा तो चौथा असेल. "तू उठलीस ते बरोबर केलंस का चूक, मला नाही माहीत. मला उठता आलं नसतं एवढं खरं. पण शाळेत तिला जायचंय, तुला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परतले. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. आजोबांनी फोडलेल्या गाडग्याचे तुकडे मी भाचीला जोडायला लावणार नाही. पण त्या आठवड्यात मी एक लेख लिहायला बसले आणि तिसऱ्या ओळीला अडकले, कारण तिथे मला लिहायचं होतं की त्यांनी आम्हाला वेगळं वाढलं, आणि मला ते माहीत नव्हतं. लेख तसाच पडून आहे.

पंधरा दिवसांनी फोन केला. अक्का म्हणाली, तूच बोल तिच्याशी, आणि फोन भाचीकडे दिला. अभ्यास, सर्दी, भाच्याचा पडलेला दात, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, मैत्रीण कशी आहे.

"बरी आहे."

"बसता ना एकत्र?"

"न्हाई. जागा बदलली."

माझ्या डोक्यात लगेच ठिणगी पडली. "कुणी बदलली? बाईंनी? तिच्या घरच्यांनी सांगितलं का?"

"मीच बदलली," भाची म्हणाली.

"का गं?"

मागे भाचा काहीतरी आपटत होता.

"ती रोज डब्यातलं अर्धं मला देती," ती म्हणाली. "आता घेताना मला झाकणच दिसतंय. झाकणात देती का डब्यात देती, तेच बघती मी. आदी न्हवतं दिसत."

मी बोलायला तोंड उघडलं. ती थांबली होती, मी काय सांगते ते ऐकायला. मग म्हणाली, "ठेवू का?" आणि मी हो म्हणाले.